सोलापुरात न्यूट पाळायचा असेल तर आधी एक उन्हाळा रिकाम्या टाकीवर काढा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सहावीत आहे. तिने व्हिडिओत फायर बेली न्यूट नावाचा पाण्यातला प्राणी पाहिला आणि तेव्हापासून तोच हवा म्हणून धरून बसली आहे. पुण्यातला एक विक्रेता जोडी द्यायला तयार आहे. घर जुळे सोलापुरात, वरचा मजला. दोन फुटी टाकी घरात आहे, तिच्यात आत्तापर्यंत गप्पी मासे होते. विक्रेता सांगतो, माशांसारखाच सांभाळायचा, वेगळं काही लागत नाही. तुम्ही विचारलंय की खायला काय द्यायचं, पाणी किती दिवसांनी बदलायचं, आणि उन्हाळ्यात खोलीत कूलर लावला तर भागेल का.

खाणं आणि पाणी बदलणं कुणालाही आठवड्याभरात जमतं. सगळं अडतं ते कूलरच्या प्रश्नाशी. मी सोलापुरात बरीच वर्षं टाक्या बसवतो आणि सांभाळतो, त्यात न्यूटच्या टाक्याही आल्या. इथे न्यूट दगावतात ते बहुतेक उन्हाळ्यात, आणि कारण एकच असतं, पाणी तापलं. त्यामुळे उत्तराचा मोठा भाग तापमानावरच जाणार आहे.

न्यूट हा बेडकाच्या नात्यातला, शेपटी असलेला उभयचर. पाण्यात पालीसारखा दिसतो म्हणून लोक त्याला सरड्या-पालींच्या रांगेत बसवतात आणि वाटतं की याला ऊन चालेल. सरड्याची कातडी कोरडी, खवल्यांची. न्यूटची ओली आणि उघडी, आणि श्वासाचा बराचसा भाग तो याच कातडीतून घेतो. फायर बेली न्यूट चीन आणि जपानमधल्या थंड तळ्यांतला, ओढ्यांतला, भातखाचरांतला. त्याला १६ ते २१ अंशांचं पाणी मानवतं. २४ पर्यंत काही दिवस तो काढतो. २६ च्या वर गेलं की खाणं सोडतो, आणि तसंच राहिलं तर कातडीवर बुरशी धरते. पाणी तापतं तेव्हा दोन गोष्टी एकदम होतात. त्याच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते, आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. त्यातच घाणीचा अमोनिया गरम पाण्यात जास्त विषारी ठरतो. गप्पीला २८-३० अंश घरच्यासारखे, म्हणून 'माशांसारखाच सांभाळा' हा सल्ला इथे लागू पडत नाही.

आता आपल्या गावाचं बघा. मे महिन्यात दुपारी ४० च्या वर पारा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण न्यूटच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आकडा रात्रीचा. मे महिन्यात पहाटेसुद्धा सोलापूर साधारण २५ अंशांच्या खाली फारसं उतरत नाही. म्हणजे टाकीतलं पाणी चोवीस तासांत एकदाही आपोआप २२ वर येणार नाही. त्यात तुमचं घर वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. अशा खोल्यांतल्या टाक्यांत मी मे महिन्यात ३२-३३ अंशांचं पाणी पाहिलं आहे. पावसाळ्यात दुपार ३१-३२ वर येते, तरी खोलीतलं पाणी २६-२७ राहतंच. मग ऑक्टोबरची काहिली. काहीही न करता न्यूटला मानवेल असं पाणी आपल्याकडे फक्त डिसेंबर-जानेवारीत मिळतं.

विक्रेत्याच्या बोलण्याला लोक भुलतात तेही याच महिन्यांमुळे. जानेवारीत आणलेला न्यूट छान राहतो, खातो, पोहतो. मार्चमध्ये थोडा सुस्त होतो. एप्रिलमध्ये पाण्याबाहेर येऊन झाकणाखाली चिकटून बसायला लागतो. घरच्यांना वाटतं त्याला जमिनीवर आवडतंय. आवडत नसतं, तो पाण्यातून पळ काढत असतो.

कूलरचं सांगतो. कूलर आणि माठ एकाच तत्त्वावर चालतात, पाण्याची वाफ होताना उष्णता उचलली जाते. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे हे तत्त्व इथे चांगलं चालतं, कोकणात चाललं नसतं. टाकीच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका सोडला तर पाणी खोलीपेक्षा चार-पाच अंश खाली येतं. पण खोलीच ३४ असेल तर पाणी २९ वर थांबणार. खिडकीतल्या चांगल्या कूलरने खोली २८-२९ वर आली आणि टाकीवर पंखाही असला, तर पाणी २४-२५ वर येईल. हा काठावरचा आकडा झाला. कूलरमधलं पाणी संपलं, वीज गेली, तुम्ही दोन दिवस अक्कलकोटला नाहीतर गावी गेलात, की काठ ओलांडला. शिवाय वळवाचा पाऊस पडून हवेत दमटपणा आला की कूलर आणि पंखा दोन्ही ढिले पडतात, आणि बाहेर उकाडा तसाच असतो. त्यामुळे नुसत्या कूलरवर भागेल का, याला माझं उत्तर नाही असं आहे.

एसीचं कसं असतं ते घराघरावर अवलंबून आहे. खोली २४ वर दिवसरात्र ठेवणार असाल तर टाकीवरच्या पंख्यासकट पाणी २१-२२ वर आरामात राहतं. पण बहुतेक घरांत एसी रात्रीच चालतो, आणि न्यूटला गरज दुपारी जास्त. रात्री २२ आणि दुपारी ३० असा रोजचा चढउतार त्याला एकसारख्या २५ पेक्षाही जड जातो. तिसरा मार्ग चिलरचा, म्हणजे पाणी थेट थंड करणारं यंत्र. काम चोख करतं, पण टाकी, स्टँड, फिल्टर मिळून जेवढा खर्च होतो त्यापेक्षा एकटा चिलर महाग पडतो, आणि पाण्यातली उष्णता तो खोलीतच टाकतो. लहान बंद खोलीत लावला तर तो स्वतःच्याच गरम हवेशी झगडत बसतो. त्याच्यासाठी वारा खेळता लागतो.

बर्फाच्या बाटल्यांबद्दलही पुष्कळ जण विचारतात, म्हणून त्याचा हिशेब सांगून टाकतो. तुमच्या टाकीत ६० लिटर पाणी धरा. १ लिटरची गोठवलेली बाटली त्यात पूर्ण वितळली तरी पाणी दीड-पावणेदोन अंशच खाली येतं, आणि मे महिन्यात काही तासांत परत चढतं. वीज गेली तर बाटली कामाची. रोजचा उपाय म्हणून ती चालत नाही, कारण तुम्ही दिवसभर फ्रीजर आणि टाकी यांच्यातच फेऱ्या माराल आणि तापमान वरखाली होत राहील ते वेगळंच. त्यापेक्षा टाकीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना इंचभर जाडीचा थर्माकोल लावा. वीज गेल्यावर पाणी किती वेळात तापतं यात त्याने चांगला फरक पडतो. टाकीवरचा पंखा बारा व्होल्टचा घेतलात तर तो इन्व्हर्टरवर तासन् तास चालतो.

म्हणून माझं सांगणं असं आहे. विक्रेत्याला आत्ता हो म्हणू नका. टाकी तयार करा, पाणी भरा, फिल्टर चालू करा, झाडं लावा आणि न्यूटशिवाय ती टाकी जूनपर्यंत चालवा. थंड ठेवायची जी व्यवस्था तुम्हाला परवडते ती लावा, आणि मुलीला एक वही द्या. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री दहा, तीन वेळा पाण्याचं तापमान लिहायचं. थर्मामीटर काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी नको, तिच्या आकड्यात खोलीची हवाही मिसळते. तार पाण्यात सोडायचा डिजिटल घ्या. पूर्ण एप्रिल-मे दुपारी तीनचा आकडा २३ च्या आत राहिला तर तुमच्या घरात न्यूट जगेल, खुशाल आणा. वारंवार २५ च्या पुढे गेला तर नाही जगणार. मुलीला नकार द्यायचा झाला तरी तो तिच्याच अक्षरातल्या आकड्यांवरून देता येईल, आणि त्या वयाच्या मुलांना असा नकार पटतो हे मी पाहिलेलं आहे.

या रिकाम्या महिन्यांचा आणखी एक उपयोग होतो. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. थंड पाण्यात अजून जास्त. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय कुठलाही उभयचर टाकीत सोडू नये, कारण त्याच्या उघड्या कातडीला ते सरळ भाजतं. जिवाणूंना खाद्य म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहा आणि तपासणीच्या थेंबांच्या किटने आठवड्यातून एकदा पाणी बघा.

पाण्याबद्दल आपल्या शहराच्या अडचणी वेगळ्या आहेत. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे सगळा साठा गच्चीवरच्या टाकीत. मे महिन्यात त्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. ते थेट न्यूटच्या टाकीत जाता कामा नये. पाणी येतं त्या दिवशी घरात, सावलीत एक वेगळा झाकणाचा ड्रम भरून ठेवा आणि बदलायचं पाणी त्यातूनच घ्या. सोसायटीच्या टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात, कधी जास्तच टाकतात. म्हणून ड्रममध्ये क्लोरीन मारणारं औषध, दुकानात ज्याला हायपो किंवा अँटिक्लोरीन म्हणतात ते, मापाने घाला. बोअरचं पाणी आपल्याकडे जड असतं. थोडं जडपण न्यूटला चालतं, पण आज बोअर, उद्या नळ, परवा टँकर असं चालत नाही. नुसतं आरओचं पाणीही नको, त्यात क्षार फारसे उरत नाहीत. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, आणि नवं पाणी जुन्याच्याच तापमानाचं असू द्या.

टाकीची मांडणी थोडक्यात. दोन फुटी टाकी एका जोडीला पुरेशी आहे. पाणी आठ-दहा इंच. फिल्टर स्पंजचा, संथ, कारण हा संथ पाण्यातला प्राणी आहे, जोराच्या प्रवाहात दमतो. तळाला बारीक वाळू किंवा काहीच नाही. तोंडात मावेल अशी खडी तो खाण्याबरोबर गिळतो. वर येऊन बसायला तरंगता लाकडाचा किंवा बुचाचा तुकडा द्या. मासे सोबत नकोत, गप्पीसुद्धा. मासे त्याची कातडी टोचतात, नाहीतर तो त्यांची पिल्लं खातो.

झाकणाबाबत मात्र ढिलाई चालणार नाही. ओल्या पोटाने न्यूट उभ्या काचेवर चढतो. हवेची नळी जाते तेवढ्या फटीतून तो डोकं घालतो, आणि डोकं गेलं की अंगही जातं. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात फरशीवर पडलेला न्यूट काही तासांत वाळतो. बारीक जाळीचं, चारही बाजूंनी क्लिपा लावलेलं झाकण करून घ्या. पूर्ण काचेचं नको, वाफ बाहेर पडली नाही तर पंख्याचा उपयोग संपला.

खाण्यात गांडूळ सगळ्यात उत्तम. न्यूट कसा खातो हे मुलीला जरूर दाखवा. चिमट्यात धरलेला तुकडा हळू हलवला की तो आधी वासावर येतो, अगदी जवळ येऊन थबकतो, मान किंचित खाली करतो आणि काही क्षण काहीच करत नाही. आणि मग एका झटक्यात पकडतो. तुकडा लांब असेल तर पुढचा पाय तोंडाजवळ आणून तो आत ढकलतो. मोठ्या न्यूटला दोन-तीन दिवसांतून एकदा, स्वतःच्या डोक्याच्या रुंदीएवढं खाणं पुरतं. गांडुळं कुठली, हे मात्र बघून घ्या. पंढरपूर-सांगोल्याकडच्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागांतली नकोत, तिथे फवारणी फार. गांडूळ खताच्या वाफ्यातली लाल गांडुळं उग्र वासाचा पिवळा द्रव सोडतात, पुष्कळ न्यूट ती थुंकून टाकतात. पावसाळ्यात फवारणी नसलेल्या परसात मिळणारं राखाडी गांडूळ आवडीने खातात. बाकी वेळी गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या लाल अळ्या, चालतात. दुकानातले जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, गटाराच्या गाळात वाढतात, त्यामुळे माझ्या न्यूटच्या टाक्यांत मी ते वापरत नाही.

हातात घ्यायचं तर विसरूनच जा. आपल्या हाताची उष्णता आणि तळव्यावरचं मीठ त्याला त्रास देतं, आणि त्याच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं, फुगू माशात असतं तेच विष. नुसता हात लागल्याने माणसाला काही होत नाही, पण हातावर जखम असेल, किंवा तोच हात डोळ्याला, तोंडाला लागला तर त्रास होतो. टाकीत हात घालून झाला की साबणाने धुवायचा, हा घरातल्या सगळ्यांसाठी नियम. घरात मांजर असेल तर झाकणाचं महत्त्व आणखी वाढतं. दर काही आठवड्यांनी न्यूट कात टाकतो. तोंडापासून सुटत आलेली पातळ, जवळजवळ पारदर्शक कातडी, तिच्यावर बोटांचे आकारसुद्धा शाबूत, आणि बहुतेक वेळा तो ती स्वतःच खाऊन टाकतो. पहिल्यांदा पाहणारे घाबरून फोन करतात. ते अगदी नैसर्गिक आहे.

आता विक्रेत्याबद्दल, आणि हे गंभीरपणे घ्या. महाराष्ट्रात निसर्गात एकही न्यूट नाही. आपल्याकडचे उभयचर म्हणजे बेडूक आणि सह्याद्रीतले पाय नसलेले देवगांडूळ. भारतातले न्यूट ईशान्येकडे आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत आहेत. तिथे सुखियापोखरीजवळ जोरपोखरी नावाचं लहानसं अभयारण्य मुख्यतः त्यांच्याचसाठी राखलेलं आहे. तो हिमालयी न्यूट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, विकणं तर सोडाच, पाळणंही गुन्हा. अंगावर तपकिरी फोडांच्या दोन रांगा, पाठीवर उंच कणा आणि पोट लाल-काळं नसलेला प्राणी 'फायर बेली' म्हणून दाखवला तर तिथूनच परत फिरा. खऱ्या फायर बेलीची पाठ काळी किंवा गडद तपकिरी, आणि पोट नारिंगी-लाल, त्यावर काळे ठिपके. पक्कं बिल मागा, प्राणी आयात केलेला की इथे पैदास केलेला ते लेखी घ्या. विक्रेत्याने पर्याय म्हणून अ‍ॅक्सोलॉटल पुढे केला तर तो, मेक्सिकोतला न्यूटच्याच नात्यातला प्राणी, सायटीस म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतला आहे. २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. आणि पाणी तर त्याला न्यूटपेक्षाही गार लागतं.

जंगलातून पकडून आणलेला न्यूट घ्यायचा नाही, याला दुसरंही कारण आहे. न्यूट आणि त्यांच्या नात्यातले शेपटीवाले सॅलमँडर यांची कातडी खाणारी एक बुरशी २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी ओळखली. नेदरलँडमधले फायर सॅलमँडर तिने जवळजवळ संपवले होते. मूळची ती आशियातली, आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून पसरल्याचं मानलं जातं. याच भीतीने अमेरिकेने २०१६ मध्ये २०१ जातींच्या सॅलमँडरांच्या आयातीवर बंदी घातली. म्हणून पुढे कधी नकोसा झाला तरी न्यूट कंबर तलावात किंवा सिद्धेश्वर तलावात सोडायचा नाही, आणि टाकीतलं बदललेलं पाणीही तलावात, ओढ्यात ओतायचं नाही. गच्चीवर उन्हात तापलेल्या कोरड्या मातीत जाऊ द्या.

आयुष्याचा विचारही आत्ताच करा. नीट सांभाळलेला चिनी फायर बेली दहा वर्षांच्या पुढे जातो, जपानी वीसपर्यंतही. मुलगी बारावी करून पुण्याला शिकायला जाईल तेव्हा वही आणि चिमटा तुमच्या हातात असेल. तेव्हाही दुपारी पाणी २३ वर ठेवायची तुमची तयारी आहे का, हे घरात बोलून घ्या. आणि आजारी पडला तर सोलापुरात उभयचर पाहणारा डॉक्टर मिळणं अवघड आहे, हेही त्या बोलण्यात येऊ द्या.

जूनमध्ये वहीतले आकडे जुळले नाहीत तर रिकामी टाकी वाया जाणार नाही. मुलीला आवडलंय ते पाण्याखाली चालणारं, थोडं जुनाट दिसणारं जनावर. त्याच्या जवळ जाणारा आणि आपल्या उन्हाळ्यात टिकणारा मासा म्हणजे बिचिर. पुढच्या परांवर टेकून तळाशी फिरतो, वर येऊन हवा घेतो आणि २६ ते २९ अंशांत खूश असतो. सेनेगल बिचिर फूटभर वाढतो, त्यामुळे पुढे चार फुटी टाकी लागेल, आणि गप्पी तो खाऊन टाकेल. दोन फुटीतच राहायचं असेल तर कुहली लोच पाच-सहा घ्या. बारीक, पट्ट्यांचे, वाळूत शिरणारे मासे आहेत, संध्याकाळी दिवे मंद केले की बाहेर येतात. या दोघांनाही झाकण तितकंच पक्कं लागतं.